धर्मसभेसमोर तीन साक्षी

१

पुण्याच्या वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात एक व्याख्यान झाले आणि ते संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, शहरातली आणखी बरीच शिकलेली मंडळी होती. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रातून जाहीर करवली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. पीठाकडून चौकशीसाठी दोन शास्त्री आले. १८९२ मध्ये रीतसर सुनावणी झाली, दोष ठरले, प्रायश्चित्ते सांगितली गेली.

मराठी वाचकाला ही हकिकत ठाऊक आहे. आपल्याकडे ती दोनच प्रकारे सांगितली जाते. एकतर गोपाळरावांच्या खोडसाळपणाचा किस्सा म्हणून, नाहीतर टिळक-रानडे वादातला एक डाव म्हणून. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट निसटते. इंग्रजी अमलाला सत्तर वर्षे झालेली, हायकोर्ट मुंबईत बसलेले, आणि ज्यांच्यावर आरोप होता त्यांतले एक स्वतः न्यायाधीश. तरीही एक दुसरे न्यायासन पुण्यात भरले, त्याने साक्षी घेतल्या, आणि त्याचा निकाल लोकांनी पाळला. ही सत्ता त्या न्यायासनाला कोठून मिळाली?

या प्रश्नाचा धांडोळा घेताना मला तीन स्त्रियांचे लेखन नव्याने वाचावे लागले: रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तिघींचा संबंध तीन वेगळ्या धर्मसत्तांशी आला: शंकराचार्यांचे पीठ, इंग्लंडची बिशपप्रधान चर्चव्यवस्था, आणि अहमदनगरचे अमेरिकन मिशन. यांतले तिसरे ज्या परंपरेतून आले तिचे मूळ सतराव्या शतकातल्या अमेरिकेत आहे आणि तिथे चर्च हेच गावाचे एक न्यायालय होते. म्हणून आधी थोडे तिकडे जायला हवे.

२

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६३१ साली ठरले की मतदानाचा हक्क चर्चच्या सभासदांनाच. यावरून तिथे पाद्र्यांचे राज्य होते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात व्यवस्था अधिक गुंतागुंतीची होती. लग्न चर्चमध्ये लागत नसे, ते दंडाधिकाऱ्यापुढे लागे; विवाह हा दिवाणी करार आहे असे त्या प्युरिटन मंडळींचे मत. पाद्री दंडाधिकारी होत नसे. आणि १६४१ च्या त्यांच्या हक्कसंहितेत स्पष्ट कलम होते की चर्चने कोणालाही दोषी ठरवले तरी त्याचे सरकारी पद वा अधिकार त्यामुळे जाणार नाही.

मग चर्चच्या हाती काय होते? सभासदत्व. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेला क्रम ते पाळत: आधी दोषी माणसाला एकट्याने समजवायचे, नाही ऐकले तर दोन साक्षीदार घेऊन जायचे, तरीही नाही तर मंडळीला सांगायचे. मंडळी म्हणजे भरलेली सभा. तिथे आरोप वाचला जाई, आरोपी उत्तर देई, आणि शेवटी ताकीद किंवा बहिष्कार. दारूबाजी, निंदानालस्ती, शेजाऱ्याशी व्यवहारातली लबाडी, सगळे या सभेपुढे येई.

रॉबर्ट केन नावाचा बोस्टनचा व्यापारी जादा नफा घेतो असा ओरडा झाला. १६३९ मध्ये सरकारी न्यायालयाने त्याला दंड केला आणि चर्चने वेगळी ताकीद दिली. दंड भरून तो मोकळा झाला, पण ताकीद त्याच्या जिवाला लागली. चौदा वर्षांनी मृत्युपत्र लिहायला बसला तेव्हाही तो पानोपानी स्वतःचा बचाव करत होता. याच केनने चर्चच्या सभांची टिपणे ठेवली. अ‍ॅन हिबिन्स या बाईवरची चर्चमधली कारवाई त्यातूनच आपल्याला कळते. प्रकरण सुताराच्या मजुरीचे होते. पैसे जास्त घेतले असे तिचे म्हणणे, आणि लवादाने सांगूनही ती ते सोडीना. सभेत मजुरीचा मुद्दा मागे पडला आणि दुसराच आरोप पुढे आला: ही नवऱ्याचे ऐकत नाही, त्याचा अधिकार आपल्या हाती घेते. तिला बहिष्कृत केले गेले. नवरा स्वतः दंडाधिकारी होता. तो वारल्यावर दोन वर्षांत, १६५६ मध्ये, तिला चेटकीण ठरवून फाशी दिली. फाशी चर्चने दिली नाही. पण चर्चने बाहेर काढलेल्या बाईच्या बाजूने बोलणारे गावात थोडेच उरले असणार.

अ‍ॅन हचिन्सनचे प्रकरण अधिक प्रसिद्ध आहे. घरी बायकांना जमवून ती प्रवचनांची चर्चा करी. १६३७ मध्ये सरकारी न्यायालयाने तिला हद्दपारीची शिक्षा दिली आणि १६३८ मध्ये बोस्टनच्या चर्चने बहिष्कृत केले. दोन न्यायासने, दोन निकाल. कागदावर ती वेगळी होती, पण दोन्हीकडे बसणारी माणसे एकमेकांची शेजारी, व्याही आणि मित्र होती. बहिष्कृत माणसाने सहा महिन्यांत चर्चची माफी मागितली नाही तर सरकारने त्याला शिक्षा करावी असाही कायदा १६३८ मध्ये झाला. तो वर्षभरातच मागे घ्यावा लागला. सीमा कोठे आखायची हे त्यांचे त्यांनाही उमगत नव्हते, पण सीमा आखायला हवी एवढे उमगले होते.

३

आता पुण्याकडे वळू. पेशवाईत ग्रामण्याच्या निकालामागे सरकारचा हात असे. इंग्रज आले आणि त्यांनी तो हात काढून घेतला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनमधील एकविसाव्या कलमाने दिवाणी न्यायालयांना सांगितले की जातीच्या प्रश्नांत पडू नका. जातीत वा लौकिकात हानी झाली म्हणून कोणी नुकसानभरपाई मागितली तर तेवढे ऐका.

हे कलम तटस्थतेचे म्हणून वाचले जाते. माझे वाचन वेगळे आहे. सरकारी न्यायालय ज्या विषयाला हात लावणार नाही असे जाहीर करते, त्या विषयात दुसऱ्या कोणाचा तरी निकाल अंतिम होतो. जातीच्या पंचांना आणि पीठांना १८२७ मध्ये कोणी सनद दिली नाही, पण त्यांच्या निकालावर अपील उरले नाही. पेशव्यांकडे निदान अर्ज तरी करता येत होता.

१८५० चा एकविसावा कायदा पुढे आला. धर्म सोडला किंवा जातीबाहेर घातले गेले म्हणून कोणाचा मालमत्तेचा वा वारसाचा हक्क जाणार नाही, असे त्याने ठरवले. हा कायदा मिशनऱ्यांच्या बाट्यांसाठी झाला अशी त्या वेळी ओरड झाली, परंतु त्याची भाषा बहिष्कृत हिंदूलाही तितकीच लागू होती. म्हणजे १८९२ च्या पुण्यात रानड्यांचा वाडा, पगार, पद या कशालाच धक्का लागू शकत नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कलमाने जे साधले तेच इथे साधले होते.

तरी प्रायश्चित्त घेतले गेले, कारण कायद्याने मालमत्ता राखली होती, श्राद्धाचा ब्राह्मण राखला नव्हता. न्हावी, भटजी, स्वयंपाकी, पंगत, मुलीला सासर: या गोष्टींवर कोणाचाच कायदेशीर हक्क नसतो. त्या कोणी हिरावल्या असे न्यायालयात सिद्ध करता येत नाही, आणि त्यांच्यावाचून त्या काळी घर चालत नव्हते. काशीला आपण सर्वप्रायश्चित्त घेतलेच आहे असा पवित्रा टिळकांनी घेतला, तरी त्यांच्याही घरच्या कार्यांना भिक्षुक मिळवताना अडचणी आल्या.

४

इथे रमाबाई रानड्यांची साक्ष महत्त्वाची ठरते. ‘आठवणी’ १९१० मध्ये पुस्तकरूपाने आल्या. चहाच्या प्रकरणाकडे न्यायमूर्तींचे चरित्रकार सार्वजनिक सभेतून पाहतात. रमाबाई ते माजघरातून पाहतात. निर्णय सभेत होतो, पण त्याची अंमलबजावणी घरातल्या बायकांकरवी होते. वडीलधाऱ्या स्त्रिया, सोवळे, नैवेद्य, सणवार यांच्या वाटेने पीठाचा हुकूम घरात शिरतो. बहिष्कार पडल्यावर बाहेर व्याख्यान देणाऱ्या पुरुषाचा दिवस फारसा बदलत नाही. बदलतो तो चुलीपाशी असणारीचा.

रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले ते स्वतःला दोषी मानून घेतले नाही. बरोबरच्या मित्रांच्या घरात या बहिष्काराने जे क्लेश चालले होते ते त्यांना पाहवेनात. आपण घेतले तर त्यांना घेणे सोपे जाईल, हा विचार. त्यांच्यावर तेव्हा भरपूर टीका झाली आणि आजही होते. रमाबाईंना स्वतःला हे रुचले नव्हते, आणि हे त्यांनी लपवले नाही. पतिभक्तीच्या म्हणून वाचल्या जाणाऱ्या या पुस्तकातली ही जागा मला फार मोलाची वाटते. रानडे दुर्बल होते की सहृदय, याचा निवाडा आपण करत बसतो. खरे तर त्या प्रसंगातून त्या न्यायासनाचा स्वभाव कळतो. त्याला आरोपीच्या कबुलीची गरज नव्हती. त्याला आरोपीचा शेजारी पुरेसा होता. बलवान माणसाला ते थेट वाकवत नसे, त्याच्या भोवतीची दुबळी माणसे पिळून त्याला वाकवीत असे.

बोस्टनच्या चर्चशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथे आरोपीला पश्चात्ताप मनातून वाटला पाहिजे असा आग्रह होता. केनला म्हणून तर सभेत रडून कबुली द्यावी लागली. पुण्याच्या पीठाला आतल्या मनाशी कर्तव्य नव्हते, विधी झाला की प्रकरण मिटले. आपल्या पद्धतीत मन मोकळे राहते, म्हणून ती अधिक उदार, असे म्हणणारे आहेत. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. मनात शिरणारी धर्मसत्ता अधिक भयंकर असू शकते. पण मन न मागणारी सत्ता कबुली न मागता शिक्षा देते, आणि अशा शिक्षेविरुद्ध निर्दोषपणाचा बचाव चालत नाही.

५

पंडिता रमाबाईंचा आणि पंचहौदाचा संबंध चहाच्या आधीपासूनचा. पंचहौदला काम करणाऱ्या भगिनी इंग्लंडमधील वाँटेजच्या ‘सेंट मेरी’ संघाच्या. त्यांच्याच ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन यांनी जपलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पत्रे इंग्रजीत असल्यामुळे मराठी समीक्षेने त्यांच्याकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही.

वाद वरकरणी लहान गोष्टींचे आहेत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का? हिंदू बाईला संस्कृत चालेल. अंडे घातलेला पदार्थ का खायचा? मग वाद वाढत जातो. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न निघतो, आणि तो रमाबाईंना विचारण्याऐवजी लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांना विचारला जातो. बिशप नको म्हणतात. भारतात परतल्यावर तिचे वजन राहणार नाही, असा काळजीचा सूर असतो. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत शास्त्रार्थ केला, तिने कोणासमोर बोलावे हे हजारो मैलांवरचे दोन धर्माधिकारी ठरवतात.

रमाबाईंच्या उत्तरांचा आशय असा: एका पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसऱ्याचे घेणार नाही, ख्रिस्ताला मानते, म्हणून माझी विवेकबुद्धी तुमच्या हवाली केली असे होत नाही. पुण्यातल्या सनातन्यांनी बाई बाटली म्हणून तिला ओवाळून टाकले, आणि धर्मांतरानंतर ती चर्चच्या ओंजळीने पाणी पिते असे गृहीत धरले. पत्रे वाचली की कळते, त्याच काळात चर्च तिच्यावर अहंकाराचा आणि आज्ञाभंगाचा आरोप ठेवत होते. अ‍ॅन हिबिन्सवरचा आरोप शब्दांच्या फरकाने हाच होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाईंचे पती गोपाळराव, चहाची यादी पुढे जाहीर करवणारे तेच, तेव्हा अमेरिकेतच होते. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रूक्स. ज्या शहरात अडीचशे वर्षांपूर्वी अ‍ॅन हचिन्सनला बहिष्कृत केले, तिथे वेगवेगळ्या चर्चची माणसे एका मंडळात बसून एका हिंदी विधवेच्या शाळेला, कोणत्याही पंथाचे शिक्षण सक्तीने न देण्याच्या अटीवर, दहा वर्षे पैसे द्यायला तयार झाली. मधल्या काळात काय झाले होते? मॅसॅच्युसेट्सने १८३३ मध्ये चर्चचा सरकारी आधार काढून घेतला होता, आणि एका गावात चार पंथांची चार चर्चे उभी राहिली होती. एका चर्चने काढले तर दुसऱ्याचे दार उघडे होते. बहिष्काराची धार अशाने बोथट होते.

१८८९ मध्ये आलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात रमाबाईंनी तिथल्या पंथांना आणि परोपकारी संस्थांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यात त्यांचे कौतुक भोळे वाटते असा आक्षेप घेतला जातो. वाँटेजची पत्रे शेजारी ठेवून ते प्रकरण वाचले तर कौतुकाचे कारण सापडते. जिथे धर्मसत्ता अनेक आहेत आणि एकीच्याही हाती गाव नाही, असा समाज त्या प्रथमच पाहत होत्या.

६

त्या बोस्टनकडूनच अहमदनगरचे मिशन आले. १८१३ मध्ये अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले आणि १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणे झाले. हे काँग्रिगेशनल पंथाचे लोक, न्यू इंग्लंडच्या त्याच सभाप्रधान परंपरेतले. तत्त्वतः प्रत्येक मंडळी स्वतंत्र, वर बिशप नाही. नगर जिल्ह्यात व्यवहार मात्र निराळा झाला. मंडळीचे निर्णय मंडळीने घ्यायचे, पण पगार मिशनकडून यायचा. ज्याची नोकरी, घर, मुलांची शाळा एकाच संस्थेकडे, त्याचा सभेतला हात किती मोकळा राहणार? बोस्टनच्या केनला चर्चने दूषण दिले तरी त्याचे दुकान त्याचेच होते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि ते नगरच्या मिशनमध्ये गेले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याला एक मार्ग दिला होता: जोडीदार धर्मांतरामुळे सहा महिने दूर राहिला तर न्यायालयात जावे, न्यायालय जोडीदाराला विचारील, वर्षभराची मुदत देईल, तरी नकार आला तर विवाह मोडील. टिळकांनी तो मार्ग घेतला नाही. पत्रे, कविता, भांडणे, भेटी यांतून काही वर्षे गेली, आणि लक्ष्मीबाई परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे. १९३४ पासून चार भागांत आलेल्या ‘स्मृतिचित्रां’चा हा गाभा आहे.

समीक्षक इथल्या विनोदाची आणि निर्मळ भाषेची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. पण घटनांचा क्रम पाहा. लक्ष्मीबाई आधी स्वतःच्या मनाशी जातिभेद टाकतात, कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवतात. बाप्तिस्मा त्यानंतर येतो, १९०० मध्ये. जात सोडणे ही चर्चमध्ये शिरण्याची अट होती. लक्ष्मीबाईंनी ती अट म्हणून पाळली नाही, आपला निष्कर्ष म्हणून गाठली. नवऱ्याच्या सांगण्यावरूनही नाही आणि मिशनच्या सांगण्यावरूनही नाही. तिन्ही स्त्रियांत धर्मसत्तेला सर्वांत कमी शब्दांत बाजूला सारणारी हीच.

आणि टिळकांचे काय झाले? १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत. चर्चच्या सभासदत्वाची नोंदवही हेच ज्या परंपरेचे हत्यार होते, तिच्यातल्या मराठी कवीने ती नोंदवहीच निरर्थक ठरवली. १९१९ मध्ये ते गेले, आणि दरबार फार टिकला नाही. प्रयोग फसला असे म्हणता येईल. प्रश्न मात्र अचूक होता.

७

तीन साक्षी एकत्र ठेवल्यावर मला जे दिसते ते असे. सुधारकांनी शिकवले की ग्रामण्य हा हिंदू समाजाचा खास रोग. मिशनऱ्यांनी सांगितले की चर्च त्याचे औषध. दोन्ही विधाने अर्धी आहेत. श्रद्धेच्या नावाने जमलेला कोणताही समुदाय आपल्या माणसांचा न्याय करतो, आणि तो करताना बायकांच्या आज्ञाधारकपणाकडे अधिक बारकाईने पाहतो. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: बाहेर पडणाऱ्याला दुसरे दार आहे का, आणि त्याचे पाणी-अन्न त्याच समुदायाच्या हाती आहे का. बोस्टनला १६३८ मध्ये दुसरे दार नव्हते, १८८७ मध्ये होते. पुण्यात १८९२ मध्ये दार होते, पण त्यातून गेलेला माणूस घरच्या पंगतीला परत येऊ शकत नव्हता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण धर्मसमुदायाला आपला कारभार चालवण्याचा हक्क आहे. पुढे जातपंचायतींच्या छळाची प्रकरणे महाराष्ट्रभरातून उजेडात येत गेली, आणि विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. १८२७ मध्ये न्यायालयाने मागे घेतलेला हात अशा रीतीने जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा पुढे आला.

कायदा हवाच होता. पण रमाबाई रानड्यांच्या पुस्तकाने सांगितलेली अडचण अजून शिल्लक आहे. हुकूम देणारे पंच पकडता येतात. हुकूम पाळणारा शेजारी पकडता येत नाही. तो कार्याला येत नाही, एवढेच करतो.

हडपसरहून सोलापूरच्या दिशेने निघालेली गाडी केडगावला थांबते. तिथे पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती’ आहे. धर्मपीठाने झिडकारलेल्या आणि चर्चने उद्धट ठरवलेल्या बाईने ज्यांना कोणीच दार उघडत नव्हते अशा विधवांना आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना तिथे जागा दिली. तिच्या घराचे नियम कडक होते, तिचा धर्मही तिथे चालत होता, आणि त्यावर टीका करायला वाव आहे. पण बहिष्काराला या तिघींनी दिलेल्या उत्तरांत विटा-मातीचे उत्तर तेवढे एक आहे. त्याचे मोजमाप अजून मराठीत नीट झालेले नाही.